साध्या एलईडी विजेरीचे पाण्याखालील वापरासाठी रूपांतर

साध्या एलईडी विजेरीचे पाण्याखालील वापरासाठी रूपांतर म्हणजे जमिनीवर वापरण्यासाठी तयार केलेल्या हातविजेरीच्या कवचात, काचेत, बटणात आणि विद्युतघटाच्या कप्प्यात बदल करून ती स्कूबा डायव्हिंग किंवा स्नॉर्केलिंग करताना वापरण्याजोगी करणे. बोलीभाषेत विजेरीला 'बॅटरी' किंवा 'टॉर्च' म्हणतात. या लेखात प्रकाश देणाऱ्या उपकरणासाठी 'विजेरी' आणि तिला ऊर्जा पुरवणाऱ्या भागासाठी 'विद्युतघट' हे शब्द वापरले आहेत.

पावसात किंवा पाण्याच्या बादलीत टिकणारी विजेरी समुद्रात काही मीटर खोलीवर निकामी होऊ शकते. तेथे पाण्याचा दाब काच, रबरी बटण आणि प्रत्येक सांध्यावर सतत कार्य करत असतो. त्यामुळे रूपांतर करताना जलरोधकता, यांत्रिक बळकटी, उष्णतेचे वहन आणि विद्युतघटाची सुरक्षितता या चारही बाबींचा एकत्रित विचार करावा लागतो. रूपांतरित विजेरी सामान्यतः दुय्यम किंवा राखीव प्रकाशस्रोत म्हणून वापरली जाते.

पार्श्वभूमी

हातात धरण्याच्या विद्युत विजेरीचे अमेरिकी पेटंट डेव्हिड मिसेल यांना १८९९ मध्ये मिळाले. फ्रान्समध्ये १९४३ मध्ये जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 'ॲक्वा-लंग' हे श्वसनयंत्र विकसित केले. त्यानंतर पृष्ठभागाशी नळीने जोडलेले न राहता पाण्याखाली संचार करणे शक्य झाले आणि पाणबुड्यांना सोबत नेता येईल अशा प्रकाशस्रोताची गरज वाढली. सुरुवातीच्या पाण्याखालील विजेऱ्यांमध्ये तारेचे दिवे असत. ते बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया घालवत आणि धक्का बसल्यास त्यांची तार तुटे.

१९९० च्या दशकात निळ्या प्रकाशाचा तेजस्वी एलईडी उपलब्ध झाला आणि त्यातून पांढरा एलईडी शक्य झाला. या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एलईडी धक्का सहन करतो, कमी वीज घेतो आणि आकाराने लहान असतो. लिथियम-आयन विद्युतघटाची जोड मिळाल्यावर हातात मावणाऱ्या विजेरीतून शेकडो ल्युमेन प्रकाश मिळू लागला. स्वस्त, तेजस्वी विजेऱ्या बाजारात आल्यामुळे हौशी पाणबुडे आणि विद्यार्थी त्यांच्या रूपांतराकडे वळले.

दाबाचे स्वरूप

समुद्राच्या पाण्यात सुमारे दर १० मीटर खोलीला दाब १ वातावरणाने, म्हणजे सुमारे १ बारने वाढतो. १ बार दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १० न्यूटन बल. विजेरी पृष्ठभागावर बंद केलेली असल्याने तिच्या आतील हवेचा दाब जवळपास तेवढाच राहतो आणि बाहेरचा दाब वाढत जातो. ४० मिलिमीटर व्यासाच्या काचेचे क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौरस सेंटिमीटर असते. त्या काचेवर पडणारा निव्वळ भार पुढीलप्रमाणे असतो :

१० मीटर खोली : सुमारे १३ किलोग्रॅम
१८ मीटर खोली : सुमारे २३ किलोग्रॅम
३० मीटर खोली : सुमारे ३८ किलोग्रॅम
४० मीटर खोली : सुमारे ५१ किलोग्रॅम

पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या नियमांनुसार प्राथमिक पातळीच्या प्रौढ पाणबुड्यासाठी १८ मीटर, पुढील पातळीसाठी ३० मीटर आणि हौशी डायव्हिंगसाठी कमाल ४० मीटर ही मर्यादा आहे. विजेरी कोणत्या खोलीसाठी बनवायची हे ठरवताना या मर्यादा उपयोगी पडतात.

विजेरीवर छापलेला 'आयपी' निर्देशांक आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेला असतो. 'आयपीएक्स४' म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण, तर 'आयपीएक्स७' म्हणजे १ मीटर खोलीपर्यंत ३० मिनिटे बुडवल्यास संरक्षण. 'आयपीएक्स८' मध्ये खोली आणि कालावधी उत्पादकाने नमूद करायचा असतो. नुसत्या '८' या अंकावरून विजेरी डायव्हिंगसाठी योग्य आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

रूपांतराच्या पद्धती

रूपांतराच्या प्रामुख्याने तीन पद्धती आढळतात.

मूळ कवच बळकट करणे : ॲल्युमिनियमच्या विजेरीचे आटे, काच आणि बटण यांच्या जागी अधिक चांगले सांधे बसवले जातात. खर्च कमी येतो, परंतु कवचाची जाडी आणि ओ-रिंगच्या खाचा मूळ रचनेतच ठरलेल्या असल्याने ही पद्धत उथळ पाण्यापुरती मर्यादित राहते.

स्वतंत्र कवच बनवणे : विजेरीतील एलईडी, परावर्तक आणि चालक परिपथ काढून ते लेथवर घडवलेल्या ॲल्युमिनियमच्या किंवा ॲसिटाल प्लास्टिकच्या नळकांड्यात बसवले जातात. खाचांची मापे आणि काचेची जाडी हिशेबाने ठरवता येत असल्याने ही सर्वांत भरवशाची पद्धत मानली जाते. अख्खी विजेरी प्लास्टिकच्या बरणीत ठेवण्याचा प्रकारही केला जातो, पण मधली हवा उष्णता रोखून धरत असल्याने तेजस्वी विजेरी त्यात तापते.

पोकळी भरून टाकणे : परिपथाभोवतीची जागा इपॉक्सीने किंवा अविद्युतवाहक तेलाने भरली जाते. हवेची पोकळी न उरल्याने दाबातील फरक नाहीसा होतो. मात्र इपॉक्सी भरल्यावर दुरुस्ती करता येत नाही. तेलाचा अपवर्तनांक हवेपेक्षा जास्त असल्याने एलईडीवरील लहान भिंगाचा परिणाम कमी होतो. विद्युतघट या पद्धतीने सीलबंद करणे धोकादायक असते, कारण बिघाड झाल्यास त्यातील वायूला वाट मिळत नाही.

प्रमुख घटक

काच

साध्या विजेरीची काच सहसा दीड ते दोन मिलिमीटर जाडीची असते. कडेला टेकवलेल्या गोल तबकडीवर एकसमान दाब पडल्यास मध्यभागी सर्वाधिक ताण निर्माण होतो. हा ताण त्रिज्येच्या वर्गाच्या समप्रमाणात आणि जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ॲक्रिलिकसाठी तो दाब × (त्रिज्या ÷ जाडी)² या राशीच्या सुमारे १.२६ पट येतो.

या सूत्राने ४० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिक तबकडी ३० मीटर खोलीवर सुमारे ३८ मेगापास्कल ताण सहन करत असते. ॲक्रिलिकची ताणसहनक्षमता सुमारे ७० मेगापास्कल असली, तरी सततच्या भाराखाली त्यात सूक्ष्म भेगा पडतात. म्हणून अनुज्ञेय ताण १० मेगापास्कल धरतात. ४५ मीटर खोलीइतक्या चाचणी-दाबासाठी हाच हिशेब केला, तर आवश्यक जाडी सुमारे ४.८ मिलिमीटर, म्हणजे व्यवहारात ५ मिलिमीटर येते. काच लहान ठेवल्यास जाडीही कमी लागते. त्यामुळे अरुंद तोंडाच्या विजेऱ्या रूपांतरासाठी अधिक सोयीच्या असतात.

सपाट काचेतून प्रकाश हवेतून पाण्यात जाताना वळतो आणि झोत अरुंद होतो. हवेत ६० अंशांचा असलेला झोत पाण्यात सुमारे ४४ अंशांचा होतो. जमिनीवर योग्य वाटणारी विजेरी पाण्याखाली अधिक एकवटलेला प्रकाश देते, याचे हे कारण आहे.

ओ-रिंग

ओ-रिंग म्हणजे वर्तुळाकार छेद असलेले रबरी कडे. ते खाचेत थोडे दाबले जाऊन दोन पृष्ठभागांमधील फट बुजवते. पाण्याचा दाब वाढला की कडे खाचेच्या दुसऱ्या कडेवर रेटले जाऊन सांधा अधिक घट्ट होतो. यामुळे सदोष ओ-रिंग उथळ पाण्यात झिरपते आणि खोलवर मात्र टिकते, असाही प्रकार घडतो.

स्थिर सांध्यात कड्याची जाडी साधारणपणे १५ ते ३० टक्के आणि फिरत्या सांध्यात त्याहून कमी दाबली जाईल, अशी खाच कोरतात. रबर दाबता येते, पण त्याचे आकारमान घटत नाही. म्हणून खाचेची रुंदी कड्याच्या जाडीपेक्षा जास्त ठेवावी लागते. नायट्राइल रबराची, ७० शोर कठिणपणाची कडी सर्वसाधारण वापरासाठी पुरेशी असतात. त्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देतात. कडे सिलिकॉनचे असेल तर सिलिकॉन ग्रीस वापरत नाहीत, कारण त्याने ते फुगते. ग्रीसचे काम कड्याची झीज रोखण्याचे आहे. जाड थर दिल्याने गळती थांबत नाही, उलट त्याला वाळू चिकटते. केसाएवढा तंतू किंवा वाळूचा एक कण कड्याखाली अडकला तरी पाणी आत येऊ शकते. महत्त्वाच्या सांध्यावर दोन ओ-रिंग एकापुढे एक बसवण्याची प्रथा त्यामुळेच आहे.

बटण

साध्या विजेरीच्या शेपटीकडील रबरी बटण हा रूपांतरातील सर्वांत कमकुवत भाग असतो. पाण्याचा दाब रबरी टोपी आत ढकलतो, त्यामुळे विजेरी आपोआप चालू किंवा बंद होते. टोपी फाटल्यास पाणी थेट विद्युतघटापर्यंत पोहोचते. यावर दोन उपाय आहेत. पहिल्या उपायात पुढचे तोंड फिरवून संपर्क जोडला किंवा तोडला जातो. दुसऱ्या उपायात कवचाच्या बाहेर सरकणारा चुंबक आणि आत रीड स्विच किंवा हॉल संवेदक बसवतात, त्यामुळे कवचाला छिद्र पाडावे लागत नाही. रीड स्विच मोठा प्रवाह पेलू शकत नसल्याने त्याच्याकरवी मॉस्फेट चालवून एलईडीचा प्रवाह नियंत्रित केला जातो.

एलईडी आणि उष्णता

सुमारे १० वॅट वीज घेणारा एलईडी साधारणपणे १,००० ल्युमेन प्रकाश देतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. एलईडी ज्या धातूच्या चकतीवर बसवलेला असतो, ती कवचाला औष्णिक पेस्ट लावून घट्ट जोडल्यास पाणी ही उष्णता झपाट्याने ओढून घेते. पाण्यात सुरक्षित असणारी अशी विजेरी हवेत पूर्ण तेजाने चालू ठेवल्यास काही मिनिटांत तापते. प्लास्टिकच्या कवचात उष्णता अडकते, म्हणून तेथे कमी शक्तीचा एलईडी वापरावा लागतो.

विद्युतघट आणि स्फोटाचा धोका

रूपांतरित विजेऱ्यांमध्ये '१८६५०' मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन घट बहुधा वापरला जातो. त्याचे सरासरी विद्युतदाब ३.६ ते ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्ट असते. ३,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा घट ३ अँपिअर प्रवाहावर जास्तीत जास्त तासभर चालतो. इतक्या कमी विद्युतदाबाने पाणबुड्याला विजेचा धक्का बसत नाही.

खरा धोका बंद कवचात साठणाऱ्या वायूचा आहे. खारे पाणी आत शिरल्यास घटाच्या ध्रुवांमध्ये प्रवाह वाहू लागतो आणि पाण्याचे विद्युत अपघटन होऊन हायड्रोजन व क्लोरीन वायू तयार होतात. घट तापून बिघडल्यास त्यातूनही ज्वलनशील वायू बाहेर पडतात. अल्कलाइन आणि निकेल-मेटल हायड्राइड घटांमधूनही हायड्रोजन निघू शकतो. खोलवर असताना बाहेरचा दाब या वायूला तोलून धरतो. पृष्ठभागावर आल्यावर तो आधार जातो आणि झाकण गोळीसारखे उडू शकते किंवा कवच फुटू शकते. आटे जितके घट्ट आणि लांब, तितका आत जास्त दाब साठतो; त्यामुळे कवच अधिक मजबूत करणे हा या धोक्यावरील उपाय ठरत नाही.

म्हणून चांगल्या पाण्याखालील विजेऱ्यांमध्ये आतील दाब वाढताच उघडणारी झडप असते. काहींमध्ये हायड्रोजन शोषून घेणारा उत्प्रेरकही ठेवलेला असतो. घरगुती रूपांतरातही दाबमुक्ती झडप बसवणे आवश्यक मानले जाते. याखेरीज पुढील दक्षता घेतली जाते :

- संरक्षक परिपथ असलेला घट वापरणे, आणि एकाहून अधिक घट असल्यास ते एकाच प्रकारचे, वयाचे व भारणाचे असणे.
- घट कवचाबाहेर काढूनच भारित करणे.
- विजेरीत पाणी शिरल्याची शंका आल्यास तिची दोन्ही टोके कोणाच्याही दिशेने न ठेवता ती उघड्यावर, माणसांपासून दूर ठेवणे. मोटारीत, बोटीच्या केबिनमध्ये किंवा खोलीत न नेणे.
- झाकण उघडताना चेहरा आणि छाती त्याच्या रेषेत न आणणे.
- भिजलेला घट वाळवून पुन्हा न वापरणे.

चाचणी

चाचणीचे टप्पे सोप्याकडून अवघडाकडे जातात. प्रत्येक टप्प्यात घट काढून ठेवतात आणि आत टिश्यू कागद ठेवतात. कागद ओला झाला तर गळती लगेच कळते.

१. बादलीतील चाचणी : विजेरी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवतात. कमी दाबावर झिरपणारे सांधे येथे सापडतात.
२. दाब चाचणी : नळकाम करणारे पाइप तपासण्यासाठी जो हातपंप वापरतात, तो जाड भिंतीच्या भांड्याला जोडून ठरलेल्या खोलीच्या दीडपट दाब दिला जातो, म्हणजे ३० मीटरसाठी सुमारे ४.५ बार. भांडे पूर्णपणे पाण्याने भरलेले असावे लागते. दाबलेल्या हवेत बरीच ऊर्जा साठत असल्याने हवेने ही चाचणी करणे धोक्याचे असते.
३. दोरीची चाचणी : वजन बांधलेली विजेरी बोटीवरून दोरीने खोल सोडून काही वेळाने वर घेतली जाते.

या तिन्ही टप्प्यांत कोरडी राहिलेली विजेरीच घट बसवून माणसाबरोबर पाण्यात नेली जाते. ओ-रिंग बदलल्यास चाचण्या पुन्हा कराव्या लागतात.

आतील आर्द्रता ही वेगळी अडचण आहे. किनारपट्टीच्या दमट हवेत बंद केलेली विजेरी थंड पाण्यात गेल्यावर काचेच्या आतील बाजूस धुके धरते. सिलिका जेलची लहान पुडी ठेवल्यास ही अडचण टळते.

पाण्याखालील वापर

पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. काही मीटर खोलीवरच तांबड्या रंगाचे मासे आणि प्रवाळ करडे किंवा काळपट दिसू लागतात; विजेरी जवळून धरल्यावर त्यांचा मूळ रंग दिसतो. त्यामुळे दिवसाच्या बुडीतही विजेरीचा उपयोग होतो. गढूळ पाण्यात रुंद झोताचा प्रकाश तरंगत्या कणांवरून परत डोळ्यांत येतो, म्हणून तेथे अरुंद झोत अधिक उपयुक्त ठरतो.

रात्री विजेरी संवादाचेही साधन असते. झोताने वर्तुळ काढणे म्हणजे 'सर्व ठीक', तर झोत वेगाने आडवा हलवणे म्हणजे 'लक्ष द्या, अडचण आहे'. खुणा करताना झोत सोबत्याच्या डोळ्यांवर टाकत नाहीत. विजेरी अचानक बंद पडली तर पाणबुड्याला दाबमापक वाचता येत नाही आणि सोबती दिसेनासा होतो. या कारणाने रात्रीच्या बुडीत प्रत्येकाकडे एक मुख्य आणि एक राखीव अशा किमान दोन विजेऱ्या ठेवण्याचा नियम पाळला जातो. रूपांतरित विजेरी एकमेव प्रकाशस्रोत म्हणून नेणे सुरक्षित मानले जात नाही.

विजेरी पाण्यात तरंगेल की बुडेल, हेही आधी ठरवावे लागते. ३०० घन सेंटिमीटर आकारमानाची विजेरी समुद्राचे सुमारे ३०८ ग्रॅम पाणी बाजूला सारते. तिचे वजन याहून कमी असेल तर ती हातातून सुटताच वर जाते. मनगटाला दोरी बांधण्याची पद्धत त्यामुळे सार्वत्रिक आहे.

महाराष्ट्र आणि गोवा

महाराष्ट्रात हौशी स्कूबा डायव्हिंगचे प्रमुख केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण आणि तारकर्ली हे आहे. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या उथळ पाण्यात प्रवाळ आढळतात. या भागात पर्यटकांसाठीच्या बुड्या कमी खोलीच्या असतात आणि पावसाळ्यात खवळलेला समुद्र व गढूळ पाणी यांमुळे डायव्हिंग बंद असते. विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर समुद्रात बुडालेला आंग्रिया बँक हा प्रवाळयुक्त उंचवटा आहे. त्याचा माथा २० मीटरपेक्षा अधिक खोलीवर असल्याने तेथे लागणारी विजेरी वेगळ्या दर्जाची असावी लागते. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून कार्यरत असून, तिच्या सागरी पुरातत्त्व विभागाने किनाऱ्याजवळील बुडालेल्या जहाजांचा पाण्याखाली जाऊन अभ्यास केला आहे.

ठाणे परिसर

ठाणे शहराच्या पश्चिम भागातील वर्तकनगर हे उपवन तलाव आणि येऊरच्या डोंगराच्या जवळ असून, वागळे औद्योगिक वसाहतही तेथून फार दूर नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी ती एक आहे. लेथवर घडवलेले कवच हा रूपांतरातील मुख्य भाग असल्याने लहान अभियांत्रिकी कारखान्यांची अशी वस्ती या कामाला पोषक ठरते. इतर सुटे भाग मुंबईत मिळतात : ओ-रिंग आणि रबरी सामान मशीद बंदरजवळील नागदेवी स्ट्रीट परिसरात, तर एलईडी, चालक परिपथ आणि रीड स्विच लॅमिंग्टन रोडवर.

ठाणे तलावांचे शहर म्हणून ओळखले जात असले, तरी तेथील तलाव उथळ आणि गढूळ असल्याने खोलीच्या चाचणीला उपयोगी पडत नाहीत. ठाण्याच्या खाडीतही गाळामुळे दृश्यता फारच कमी असते. पोहण्याच्या तलावात गळती, वजन आणि बटण तपासता येते. परंतु ३ मीटर खोलीच्या तलावात मिळणारा वाढीव दाब केवळ ०.३ बार असतो, म्हणजे ३० मीटर खोलीवरील दाबाचा दहावा भाग. तलावात उत्तीर्ण झालेली विजेरी तारकर्लीला नेण्यापूर्वी दाब चाचणी करावी लागते ती यामुळे.

निगा

प्रत्येक बुडीनंतर विजेरी बंद स्थितीत गोड्या पाण्यात काही वेळ बुडवून ठेवतात, म्हणजे आट्यांमध्ये मिठाचे स्फटिक साठत नाहीत. त्यानंतर ती पुसून, कोरड्या हाताने उघडून घट काढला जातो. ओ-रिंग टोकदार धातूच्या साधनाने न काढता बोटाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढतात, कारण एक ओरखडाही गळतीला पुरेसा असतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिल्यास ॲल्युमिनियम गंजते. म्हणून कवचावर ॲनोडायझिंग करणे आणि स्क्रूखाली प्लास्टिकच्या चकत्या ठेवणे हितावह असते. ओ-रिंग वर्षातून एकदा बदलल्या जातात.

हे सुद्धा पहा

स्कूबा डायव्हिंग
प्रकाश उत्सर्जक डायोड
लिथियम-आयन विद्युतघट
मालवण सागरी अभयारण्य
वर्तकनगर